‘हरकत’ बँडचे मंगल कार्य

ध्वनिप्रदूषणाची नोटीस हातात पडताच घेणाऱ्याने तिचे दुसरे टोक धरून ठेवावे, मान किंचित तिरपी करावी, समोरच्या रिकाम्या भिंतीकडे पाहून प्रसन्न हसावे आणि नोटीस देणाऱ्यालाही, “वकीलसाहेब, इकडे पाहा. जरा हसा. पन कमी,” असे सांगावे, हा प्रसंग माझ्या आयुष्यात एकदाच आला. न्यायालयाच्या कार्यालयात माझी उभी हयात गेली. बेलिफाला पाहून मागच्या दाराने पळणारे मी पाहिले, समन्स घेण्याऐवजी त्यालाच चहा पाजून वाटेला लावणारे पाहिले. परंतु नोटीस आहेरासारखी स्वीकारणारा मनुष्य एकच पाहिला. ते म्हणजे आमचे सख्खे शेजारी, दिगांबरभाऊ गुल्हाने.

मी वकील नाही. दारव्ह्याच्या न्यायालयातून मी अधीक्षक म्हणून निवृत्त झालो, ही वस्तुस्थिती मी दिगांबरभाऊंना तोंडी अनेकदा आणि लेखी एकदा कळवली आहे. त्या पत्रावर त्यांनी “मिळाले, वकीलसाहेब” असा शेरा मारून सही केली. त्यानंतर मी तो विषय सोडला. मी सहसा विषय सोडत नाही. नळाला गढूळ पाणी आले, रस्त्यावर मांडव पडला, दिव्याच्या खांबावर कोणी वाढदिवसाचा फलक टांगला, की मी पत्र लिहितो आणि पोच मागतो. पोच मिळत नाही, म्हणून स्मरणपत्र लिहितो. या गावात नियम वाचणारा मनुष्य हा उपद्रव समजला जातो, याचा मला संताप आहे आणि तो मी लपवत नाही.

दिगांबरभाऊ लग्नांचे व्हिडिओ काढत. दारव्हा तालुक्यातल्या एका आख्ख्या पिढीची लग्ने त्यांच्या कॅमेऱ्यातून लागली. आता ड्रोन उडवणारी पोरे आली. नवरानवरीला शेतात पळवतात, धुरात उभे करतात आणि लग्न म्हणून सिनेमा देतात. दिगांबरभाऊंना बोलावणे यायचे थांबले, पण त्यांच्या डोळ्यांतले शूटिंग काही थांबले नाही. त्यांच्या लेखी जगातली माणसे दोन प्रकारची, वरपक्ष आणि वधूपक्ष. भांडणात ते नेहमी वधूपक्षाच्या बाजूने असत. भाजी घेताना विक्रेतीला म्हणत, “बाई, जुडी जरा वर धरा, चेहरा झाकून राह्यला.” आमच्या गल्लीत एक वृद्ध गृहस्थ वारले, तेव्हा मुलगा मडके धरून उभा असताना गर्दीतून त्यांचा आवाज आला, “अजून एकदा, हळू.” लोक चिडले. मीही चिडलो. परंतु त्या मुलाने नंतर मला सांगितले की, त्या दोन शब्दांमुळेच आपले पाय थांबले, नाहीतर आपण तिथेच कोसळलो असतो.

“फुटेजात आहे तं जगात आहे,” हे त्यांचे आवडते वाक्य. त्यामुळे लग्नात ते शेवटच्या पंगतीतल्या शेवटच्या माणसापर्यंत जात. पोळ्या लाटणाऱ्या बायका, बॅंडातला झांजवाला, मांडवाच्या कोपऱ्यात रुसून बसलेले फुवाजी, म्हणजे आत्याचे यजमान, सगळे त्यांच्या कॅसेटमध्ये असत. व्हिडिओ कशातही भरून दिला तरी ते त्याला कॅसेटच म्हणत. पाठवणीसाठी मात्र त्यांचा एक कडक नियम होता. नवरी गाडीत बसायला निघाली की सगळे कॅमेरे तिच्याकडे वळतात. दिगांबरभाऊंचा कॅमेरा वळायचा नवरीच्या बापाकडे, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथून हलायचा नाही.

“नवरीले सारेच पाह्यतेत जी,” ते म्हणत. “बापाले कोन पाह्यते? थो बिचारा मंडपवाल्याचे बांबू मोजून राह्यला असते. पन त्याच्या तोंडाकडे पाहा कधी.”

असा हा मनुष्य. पत्नी वारल्यापासून एकटा. एक मुलगी, प्रणाली, पुण्याला. घर शांत. त्या शांत घरातून यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी एके दिवशी दुपारी असा काही आवाज सुरू झाला की, माझ्या कपाटातल्या काचेच्या बरण्या वाजू लागल्या. कोणीतरी पत्र्याच्या गोदामात भांडी फेकत आहे आणि कोणीतरी त्याला ओरडून अडवत आहे, असा तो आवाज होता. दुसऱ्या दिवशी तोच. तिसऱ्या दिवशी मी नोटीस लिहिली, नियमांचे हवाले दिले आणि स्वतः नेऊन दिली. पुढे काय झाले, ते आरंभी सांगितलेच आहे.

माझा निषेधाचा चेहरा त्यांच्या मनाजोगा टिपून झाल्यावर त्यांनी नोटीस देवाजवळ ठेवली आणि मला आत नेले. “आवाज नाही जी, फुटेज होय. बसा. वधूपक्षाकडून या.”

पडद्यावर काळ्या कपड्यांतली चार माणसे उड्या मारत होती. समोरची गर्दी एकमेकांना धक्के देत होती आणि त्यात कोणालाही राग आलेला दिसत नव्हता. मधोमध गळ्यात गिटार अडकवून, डोक्याची एक बाजू भादरलेली एक मुलगी माइकवर किंचाळत होती. मी चष्मा पुसला. दोन वेण्या घालून सायकलवरून शिकवणीला जाताना “काका, घंटी वाजवू का, नियमात बसते का?” असे मला चिडवणारी ती प्रणाली होती.

“हे काय आहे?” मी विचारले.

“पंक रॉक म्हंतेत. पोट्टीनं सांगतलं, राग आला का गानं करायचं. राग मावतच नसन, तं जोरानं करायचं.” त्यांनी आवाज थोडा कमी केला. “बॅंडाचं नाव ‘हरकत’ हाये.”

नाव मला अयोग्य वाटले नाही. शिवाय व्याख्या ऐकून मी थोडा चपापलो. हेच काम मी वाद्यांशिवाय बरीच वर्षे करत आलो आहे.

हकीकत अशी होती. प्रणालीने इंजिनिअरिंग केले, नोकरी धरली, मग नोकरी सोडून गाणे धरले. इकडे दिगांबरभाऊंनी तिच्या लग्नासाठी एक नवा कॅमेरा घेऊन ठेवला होता. पिवळ्या शालीत गुंडाळलेला. त्याने पहिले शूटिंग तिच्याच लग्नाचे व्हायचे होते. तिने “मी लग्न करणार नाही” असे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मग कॅमेऱ्याचं काय करू?” हे वाक्य त्यांना वाटले तसे तिला ऐकू गेले नाही. ती चिडून गेली. त्यानंतर फोनवर पाऊसपाणी, जेवण झाले का, एवढेच बोलणे उरले. बाप-लेकीचे संबंध कायम होते, पण त्यांना जणू स्थगिती मिळाली होती.

आणि आता तिने काहीतरी मागितले होते. ‘हरकत’ने नागपूर, अमरावती, नाशिक अशा गावोगावी कार्यक्रम केले होते. मित्रांनी फोनवर काढलेले तुकडे ढिगाने पडले होते. काही वाकडे, काही हललेले, काहींत नुसते छप्पर. ते सगळे तिने बापाकडे पाठवले आणि म्हणाली, “बाबा, याची एक कॅसेट करून द्या. तुमच्यासारखं कोनाले जमत नाही.”

“कॅसेट म्हनली,” दिगांबरभाऊ मला म्हणाले. “आजकाल कोनी म्हंते का? चुकून चालनार नाही वकीलसाहेब. हे बिघडलं, तं मंग दुसरं काही मांगनार नाही थे मले.”

मी नोटीस मागे घेतली नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. परंतु तिची अंमलबजावणी तूर्त तहकूब केली आणि रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊ लागलो. गाण्यांतले शब्द मला प्रथम कळत नव्हते. एकदा दिगांबरभाऊंनी एक तुकडा सावकाश लावला. प्रणाली ओरडत होती, “अर्ज दिला!” आणि समोरची शेकडो पोरे घसा फाडून उत्तर देत होती, “पोच द्या!” “खिडकी उघडा!” “पोच द्या!” “साहेब जेवायला गेले!” “पोच द्या!”

मी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. ही मागणी आजवर मी एकट्याने केली होती. तिच्या मागे इतके जण उभे राहू शकतात, हे मला कोणी कळवले नव्हते.

कॅसेट तयार झाली तेव्हा पहिला प्रेक्षक म्हणून मला बोलावण्यात आले. मी मधल्या खुर्चीवर बसलो. दिगांबरभाऊ उभेच होते.

आरंभी कळंबचा चिंतामणी गणपती आला. त्यांची कुठलीही कॅसेट चिंतामणीशिवाय सुरू होत नसे. नंतर प्रणालीच्या आईचा फोटो, चंदनाचा हार, समोर पडद्यावरच तेवणारी समई आणि अक्षरे: “जिच्या आशीर्वादाने.” मग सनई. सनई चालू असतानाच एका बदामात ड्रम बडवणारा पोरगा प्रकटला. खाली नाव, आधी ‘चि.’ आणि चहूबाजूंनी गुलाबाच्या पाकळ्या. दुसऱ्या बदामात चि. सौ. कां. प्रणाली. ती त्या क्षणी जीभ बाहेर काढून प्रेक्षकांच्या अंगावर पाणी ओतत होती.

“दिगांबरभाऊ,” मी म्हणालो, “सौभाग्यकांक्षिणी हे विशेषण येथे वस्तुस्थितीस धरून नाही.”

“राहू द्या जी. आशीर्वादाचं हाये, दाव्याचं नाही.”

कॅसेट पुढे सरकली. धक्काबुक्की करणाऱ्या गर्दीवर अक्षरे आली: “वऱ्हाडी मंडळींचा उत्साह.” एका गाण्यात प्रणालीने मंचावरून गर्दीत उडी घेतली आणि लोकांनी तिला डोक्यावर झेलून फिरवले. आमच्याकडे नवरीला मामा मांडवात आणतो. तेथे मामा शेकडो होते, म्हणून शीर्षक होते, “मामा मंडळींचे सहकार्य.” कुठल्याशा टपरीवर चौघे तर्री-पोहे खात असल्याचा तुकडा सापडला होता, त्याचा “भोजन समारंभ” झाला होता. टपरीवाल्याचाही हसरा चेहरा त्यात होता. गाण्यांत काही शब्द असे होते की, ते ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो. पण नेमक्या त्या जागी दर वेळी सनईचा एक सूर येत होता. प्रणाली तोंड उघडी आणि सनई वाजे. एका गाण्यात तर सनईच जास्त होती.

“दखलपात्र शब्द काढलेत, हे उत्तम केले,” मी म्हणालो.

“काढले नाही, झाकले. पाहुन्यासमोर नवरीची शोभा नाही करायची.”

शेवटी हात जोडलेले चित्र आणि “आपले नम्र: समस्त गुल्हाने परिवार.” त्या परिवारापैकी दारव्ह्यात हजर असलेली व्यक्ती माझ्या शेजारी उभी होती आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती.

“कसं झालं?”

मला पंक रॉक कळत नाही. परंतु हे ते नव्हे, एवढे मला कळत होते. राग गाणाऱ्या मुलीच्या अंगावर त्यांनी गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या होत्या. सत्य सांगणे हे माझे व्रत आहे. मी म्हणालो, “एकही माणूस सुटलेला नाही.” हेही सत्यच होते.

त्यांनी कॅसेट पाठवली. आणि तिकडून काहीच आले नाही.

एक दिवस गेला, दुसरा गेला, आठवडा गेला. दिगांबरभाऊंनी टीव्ही लावणे बंद केले. भिंतीपलीकडे नोटिशीत मागितली होती तेवढी शांतता पसरली. माझी मागणी पूर्णपणे मान्य झाली होती आणि मला दुपारची झोप येत नव्हती. शेवटी मीच गेलो. ते ओट्यावर बसून फोन एकदा उलटा, एकदा सुलटा ठेवत होते.

“वकीलसाहेब, चुकलं का जी माहं?”

“पोच देणे हे तिचे कर्तव्य होते,” मी संतापून म्हणालो. माझा संताप खरा होता. गावोगाव जाऊन पोच मागणारी मुलगी स्वतःच्या बापाला पोच देत नाही, हे मला असह्य झाले होते. “मी एक मसुदा करतो. कॅसेट प्राप्त झाल्याचे पंधरा दिवसांत...”

“नोका बाप्पा!” ते पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. मग हळू म्हणाले, “पोरीले नोटीस देतेत काय कोनी? तिचं मन झालं, तं बोलन. नाही झालं, तं मी पाकळ्या काढून टाकतो. थे पाकळ्या जास्तच झाल्या. मले बी वाटे.”

त्या दिवशी दुपारभर ते पाकळ्या काढत बसले होते. एक काढली की मला विचारायचे, “आता?” मी म्हणायचो, “असू द्या.” ते ती परत टाकायचे.

आणि एका सकाळी गल्लीत एक धुळकट व्हॅन येऊन नियमबाह्य रीतीने माझ्या फाटकासमोर उभी राहिली. मी तक्रार करण्यासाठी बाहेर आलो. दार सरकले आणि प्रणाली उतरली. अर्धे डोके भादरलेले, पायांत फौजदाराचे वाटावेत असे बूट. तिच्यामागून बाकीचे तिघे. वणीला कोळशाच्या ट्रकवाल्यांच्या आवारात त्यांचा कार्यक्रम होता आणि त्यांनी वाट वाकडी केली होती.

दिगांबरभाऊ ओट्यावर उभे राहिले. त्यांना पुढे होता येईना. बदामातला ड्रमवाला पोरगा, नाकात नथीसारखी कडी घातलेला, सरळ त्यांच्या पाया पडला. “काका, माझ्या नावामागं चि. लावलं तुम्ही. आमच्या घरी पत्रिकेतून नावच काढलं होतं माझं, बहिणीच्या लग्नात.”

“पत्रिकेतून काढते काय कोनी!” दिगांबरभाऊ म्हणाले. त्यांना खरोखर धक्का बसला होता. “कोन थो वरपक्ष?”

प्रणाली हसली. मग चहा झाला, पोहे झाले आणि ती भिंतीला टेकून बापाशी बोलू लागली. मी उठणार होतो, तर म्हणाली, “बसा काका, साक्षीदार लागन.”

“बाबा, पहिले तं आम्ही लयच हासलो. सनई वाजली तवा हा ड्रमवाला खुर्चीवरून खाली पडला. मंग आईचा फोटू आला.” ती बापाजवळ सरकली. “मंग कोनी हासलं नाही. आता दर कार्यक्रमाच्या आधी मागच्या पडद्यावर तेच लावतो आम्ही. लोक पाकळ्या पाहून वेडे होतेत. फोन कायले करू म्हटलं, येऊनच सांगू.”

दिगांबरभाऊ पोह्यांच्या रिकाम्या बशीकडे पाहत होते. “पाकळ्या जास्त नाही झाल्या?”

“नाही. पन एक गोष्ट नाही त्याच्यात. पाठवनी कुठं आहे? तुमची कॅसेट पाठवनीबिगर कधी संपली काय? फुटेज होतं ना, आम्ही गाडीत बसून राह्यलो त्याचं. काहून नाही टाकली?”

त्यांनी बशी बाजूला सरकवली. मग म्हणाले, “थ्या फुटेजात तुह्या मागं कोनीच नाही उभं. पाठवनी म्हंजे मागं कोनी पाह्यजे. अन् तू पहिल्यांदा पुन्याले गेली, खरी पाठवनी थे होती. तवा मी कुठं होतो?”

मला ते माहीत होते. लग्नसराई होती. ते दुसऱ्या गावी, दुसऱ्या कोणाच्या तरी पाठवणीत, दुसऱ्या बापाच्या तोंडावर कॅमेरा धरून उभे होते. प्रणालीची बॅग बसवर मी चढवली होती.

“फुटेजच नाही माह्याकडे,” ते म्हणाले. “तं कुठून टाकू?”

उन्हे चढू लागली तेव्हा मंडळी निघाली. सामान चढले. दिगांबरभाऊ आत गेले आणि पिवळ्या शालीतला कॅमेरा घेऊन बाहेर आले. शाल माझ्या खांद्यावर टाकून त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. प्रणाली व्हॅनच्या पायरीवरून खाली उतरली, त्यांच्या हातून तो अलगद काढून घेतला आणि माझ्याकडे दिला.

“काका, तुम्ही धरा. नियम माहीत आहे ना?”

“नियम,” मी म्हणालो, “मला माहीत असतात.”

मी आयुष्यात कधी कॅमेरा धरला नव्हता. खांद्यावर शाल, हातात ते यंत्र, असा मी गल्लीत उभा होतो आणि समोरच्या माड्यांवरून लोक पाहत होते. व्हॅन सुरू झाली. आतून कोणीतरी ओरडले, “पोच द्या!” आणि चौघेही ओरडू लागले. मी तिकडे वळलो नाही.

“वकीलसाहेब, गाडी घ्या, गाडी!” दिगांबरभाऊ हात हलवत मला सांगत होते. “हिकडे काय पाह्यता? थे वळून राह्यली! निसटते!”

“नियम तुमचाच आहे,” मी म्हणालो.

व्हॅन कोपऱ्यावर वळली. एक हात खिडकीबाहेर हलत राहिला आणि मग तोही दिसेनासा झाला. दिगांबरभाऊंचा हात वर उचललेलाच होता. तो खाली आणायचा की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हते. त्यांनी मान तिरपी केली नाही. हसले नाहीत. आपल्याला कोणी टिपत आहे, हे ते पहिल्यांदाच विसरले होते. मग रस्त्यावर पडलेला, कोणाचाच नसलेला एक दोरीचा तुकडा त्यांनी उचलला, नीट गुंडाळला, हातात धरून ठेवला.

बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न पाहता, ते म्हणाले, “आता कट म्हना जी.”

मी म्हटले नाही.